काटकोनातला आडवा काप: मायटर सॉ, टेबल सॉ आणि स्लेड, की हातकरवत?

ओसरी

मी नाशिकला राहतो आणि हौस म्हणून लाकूडकाम करतो. पावसाळ्यानंतर सागवानाचे एक पुस्तकांचे कपाट आणि त्याच्या तळाशी बसणारी खणांची पेटी करण्याचे योजले आहे. कपाटाच्या बाजूच्या फळ्या ३०० मिमी रुंद असतील, मधले कप्पे ८०० मिमी लांबीचे असतील, आणि खणांसाठी १२ मिमी जाडीच्या, १२० मिमी रुंदीच्या पट्ट्या लागतील. फळी लांबीच्या दिशेने चिरण्याचे काम मी वखारीतूनच करून घेतो, त्यामुळे त्याची चिंता नाही. प्रश्न आहे तो तंतूंना आडवे कापण्याचा.

सध्या माझ्याकडे हातात धरून चालवायचा सर्क्युलर सॉ, एक साधी करवत आणि गुण्या (काटकोन तपासायचे साधन) एवढेच आहे. यातून निघालेली टोके रंगकाम झाल्यावरही डोळ्यांना खुपतील इतकी वाकडी येतात. आता ३५-४० हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. सरकता मायटर सॉ (वरून खाली येणारी, दांड्यांवर पुढे-मागे सरकणारी यंत्रकरवत) घ्यावा, की लहान टेबल सॉ (मेजातून वर आलेल्या ब्लेडची करवत) घेऊन त्यावर क्रॉसकट स्लेड (लाकूड धरून ब्लेडवरून सरकवायचा पाट) बनवावी, की यंत्राचा नाद सोडून चांगली हातकरवत आणि शूटिंग बोर्ड (टोके रंध्याने काटकोनात तासायचा पाट) यांवर भर द्यावा, हे ठरत नाही. गच्चीवरच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत काम करतो, म्हणजे जागाही बेताचीच आहे. जाणकारांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.

तासकाम

मी चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे मापांच्या अंगाने जाईल.

आधी किती अचूकता लागते ते ठरवा. कापाचा कोन ९० ऐवजी ८९.८ अंश आला, म्हणजे फक्त ०.२ अंशाची चूक झाली, तर ३०० मिमी रुंदीच्या फळीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण १ मिमीचा फरक पडतो. कपाटाच्या सांध्यात १ मिमीची फट कोणालाही दिसेल. तेवढाच १ मिमीचा फरक १२० मिमीच्या पट्टीत पडायला अर्ध्या अंशाची चूक व्हावी लागते. म्हणजे तुमच्या खणांच्या पट्ट्या कोनाची जेवढी चूक खपवून घेतील, तिच्या निम्मीही कपाटाच्या बाजू खपवून घेणार नाहीत. एकाच साधनाने दोन्ही कामे सारखीच साधतील, असे गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात, पण माझ्या मते दुखणे तिथेच आहे. वखारीतून चिरून आणलेल्या फळीची कड सरळ असते, हे तुम्ही तपासले आहे का? काटकोन हा नेहमी कशाशी तरी असतो. ज्या कडेला गुण्या लावता किंवा जी कड फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवायच्या सरळ पट्टीला, टेकवता, ती जर मध्ये पोकळ किंवा फुगीर असेल, तर फळीच्या एका टोकाला काटकोन एका दिशेचा निघतो आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या. मग करवत कितीही महाग असली तरी चौकट डुगडुगणारच. प्रत्येक फळीची एक कड लांब रंध्याने सरळ करून तिच्यावर पेन्सिलीने खूण करा, आणि त्या फळीची पुढची सगळी मापे, सगळे काप त्या खुणेच्या कडेवरूनच घ्या.

एवढे झाल्यावर यंत्राची निवड ही फळीच्या आकाराप्रमाणे करायची गोष्ट उरते. करवत तिला दाखवलेल्या वाटेने जाते. ती वाट ठरवते लाकूड टेकवण्याची जागा आणि तुमची तपासणीची पद्धत. खर्चापेक्षा वेळ त्या दोन ठिकाणी घाला.

करवतकाठी

तासकाम काकांच्या कडेच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. मी रत्नागिरीकडे राहते आणि बरेचसे काम हाताच्या हत्यारांनीच करते, त्यामुळे तिसऱ्या पर्यायाची बाजू मांडते.

हातकरवतीने काटकोनात कापण्याचे कौशल्य वर्षानुवर्षांचे असते, असा समज आहे. तो निम्माच खरा आहे, कारण करवतीने अंतिम पृष्ठभाग काढायचाच नसतो. पद्धत अशी आहे. खुणेच्या कडेला आणि खुणेच्या तोंडाला (फळीच्या सपाट रुंद बाजूला) गुण्या लावून धारदार पात्याने चारही बाजूंनी रेघ मारायची. पेन्सिलीची रेघ अर्धा मिमी जाड असते, पात्याच्या रेघेला जाडी नसते आणि ती वरचे तंतू आधीच कापून ठेवते. नंतर टाकाऊ बाजूने पटाशीने त्या रेघेला तिरकी खाच द्यायची, म्हणजे एक बारीक उभी भिंत तयार होते आणि करवत तिला बिलगून चालते. रेघेच्या बाहेर सुमारे अर्धा मिमी लाकूड ठेवून कापायचे आणि उरलेले शूटिंग बोर्डवर रंध्याने उतरवायचे.

शूटिंग बोर्ड म्हणजे एक पाट, त्यावर काटकोनात घट्ट बसवलेली आडवी पट्टी, आणि शेजारी रंधा आडवा झोपवून सरकवण्यासाठी मार्ग. रंध्याचे पाते खरोखर धारदार असेल आणि काप कागदाहून पातळ ठेवला असेल, तर फळीच्या टोकातून एकसंध छिलका निघतो. टोकाचे लाकूड फार कडक लागले तर त्यावर थोडे स्पिरिट चोपडावे; रंधा सुखाने चालतो. पलीकडच्या कडेची कपची उडू नये म्हणून ती कड आधी पटाशीने किंचित मारून घ्यावी.

करवतीबद्दल एक गोष्ट. आडव्या कापाची करवत आणि उभ्या कापाची करवत वेगळी असते. उभ्या कापाचे दाते बारीक पटाश्यांसारखे सरळ घासलेले असतात, आडव्या कापाचे दाते तिरक्या कानसकामाने सुऱ्यांसारखे टोकदार केलेले असतात, कारण त्यांना तंतू उचलायचे नसून तोडायचे असतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या करवतीचे दाते बहुधा या दोहोंपैकी धड एकही नसतात. जपानी धाटणीची ओढून कापायची करवत आता सहज मिळते. तिचे पाते ताणावर काम करत असल्याने पातळ असते आणि वाट सोडत नाही. आपल्याकडच्या जुन्या सुतारांना हे नवे वाटणार नाही. जमिनीवर बसून, पायाने फळी धरून, करवत स्वतःकडे ओढून कापण्याची रीत इथेही होतीच.

खणांच्या १२० मिमीच्या पट्ट्यांना हा मार्ग उत्तम आहे. ३०० मिमीच्या बाजू शूटिंग बोर्डवर घेणे शक्य आहे, पण दमछाक होते, हे प्रामाणिकपणे सांगते.

रोकडा_रंधा

मी ठाण्यात इंटिरिअरची कामे घेतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर ठेवून म्हणतो की साइटवर या चर्चेला वेळ नसतो, आणि तरीही कपाटे काटकोनात उभी राहतात. ती कशी, ते सांगतो.

आमचा माल म्हणजे २४४० बाय १२२० मिमीचा प्लाय. तो स्लेडवर चढत नाही आणि मायटर सॉखाली जात नाही. अशा वेळी लाकडाने यंत्राकडे जायचे नाही, यंत्राने लाकडाकडे यायचे. धागाकर्त्यांकडे सर्क्युलर सॉ आहेच. ९ किंवा १२ मिमी प्लायच्या तुकड्यावर एक सरळ पट्टी स्क्रूने बसवा, सॉचा तळ त्या पट्टीला टेकवून एकदा चालवा, म्हणजे प्लायची जास्तीची कड कापली जाईल. आता त्या प्लायची कड हीच तुमची कापाची रेघ झाली; अंतर मोजण्याची गरज राहत नाही. खाली काटकोनात एक जाड आडवी पट्टी बसवली की ती फळीच्या कडेला टेकते आणि सॉ दरवेळी काटकोनातच जातो. ३०० मिमीच्या फळीला ५०० मिमीची मार्गदर्शक पट्टी पुरते, म्हणजे सॉ लाकडात शिरण्याआधीच पट्टीला नीट टेकलेला असतो. एक लक्षात ठेवा: ही जिग, म्हणजे सॉला वाट दाखवणारी ही जोडणी, ज्या सॉने आणि ज्या ब्लेडने कापली, त्यांच्यासाठीच ती खरी असते. ब्लेडची जाडी बदलली की कड पुन्हा जुळवावी लागते.

कपच्यांबद्दलही लोक गोंधळतात. हातातल्या सर्क्युलर सॉचे दाते खालून वर येतात, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात आणि दर्शनी बाजू खाली ठेवायची असते. टेबल सॉवर याच्या उलट, दर्शनी बाजू वर. सनमायका लावलेला प्लाय असेल तर ही चूक भरून निघत नाही.

अजून एक, हे कळकळीने. पुष्कळ ठिकाणी ११० मिमीच्या मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड लावून, तो प्लायखाली उलटा बांधून घरगुती टेबल सॉ तयार करतात. हे करू नका. ते यंत्र दगड कापण्यासाठी बनलेले आहे, मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेते, त्याला ब्लेडमागची फाळ (काप मिटू न देणारी पट्टी) नसते, आणि उलटे बांधताना असलेले झाकणही काढून टाकले जाते. लाकडाने ब्लेड चिमटले की ते सरळ अंगावर येते. बोटे गमावलेले कारागीर मी पाहिले आहेत. ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा वाचण्याची सवय तरी लावून घ्यावी.

वाचनमात्र

सहसा नुसता वाचतो, पण एक शंका आहे. टेबल सॉबरोबर जो मायटर गेज (लाकूड कोनात टेकवून ढकलायची सरकती टेकण) मिळतो, तो आडव्या कापासाठीच असतो ना? मग वेगळी स्लेड बनवण्याचा खटाटोप का करायचा?

पाचर_मिशिगन

वाचनमात्र, शंका रास्त आहे. गेज त्यासाठीच असतो, पण त्याची एकच दांडी मेजातल्या एका खाचेत चालते, आणि लहान यंत्रांत ती खाचेत थोडी हलतेच. शिवाय त्याचे डोके १५० मिमीच्या आसपास रुंद असते; ८०० मिमी लांबीचा कप्पा त्याला टेकवला की टोकाचे वजन गेजला फिरवू पाहते. त्याला लांब लाकडी फेन्स जोडून, फेन्सवर सँडपेपर चिकटवून आणि दांडीच्या बाजूला पंचने बारीक खळगे ठोकून ढिलाई काढली, तर अरुंद पट्ट्यांसाठी तो चांगला चालतो. रुंद फळीला मात्र स्लेडच हवी, कारण तीत लाकूड मेजावर घसरत नाही. पाटावर स्थिर बसते आणि पाटासकट ब्लेडवरून जाते. पाटातली चीर ब्लेडच्या नेमक्या जाडीची असल्याने खालच्या तंतूंना आधार मिळतो आणि कपच्या जवळजवळ उडत नाहीत. मागच्या फेन्समुळे मागची कडही शाबूत राहते.

मी इथे गॅरेजमध्ये टेबल सॉवर काम करतो. इथल्या मोठ्या यंत्रांच्या खाचा ठरलेल्या मापाच्या असतात, १९ मिमी रुंद आणि ९.५ मिमी खोल, त्यामुळे स्लेडखाली बसून खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे रनर, तयार मिळतात. भारतात मिळणाऱ्या लहान यंत्रांत हे माप वेगळे असू शकते, तेव्हा व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) स्वतःची खाच मोजल्याशिवाय काही मागवू नका. मोजताना दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी मोजा.

विषय निघालाच आहे तर थोडे अवांतर. आडव्या कापासाठी १९२० च्या दशकात रेमंड डीवॉल्ट यांनी रेडियल आर्म सॉ आणला. लाकूड स्थिर आणि वरच्या दांड्यावरून करवत सरकते, अशी ती रचना. काही दशके इथल्या घराघरांतल्या गॅरेजमध्ये तो होता. पण लांब दांडा सरळ ठेवणे हे त्याचे कायमचे दुखणे, आणि पुढे सरकता मायटर सॉ आल्यावर तो मागे पडला. गंमत अशी की सरकत्या मायटर सॉमध्येही तेच दुखणे लहान प्रमाणात असते: दांडे पूर्ण बाहेर ओढलेले असताना हँडलवर आडवा जोर पडला की ब्लेड किंचित झुकते. म्हणून रुंद फळीत काप सावकाश घ्यावा लागतो. न सरकणाऱ्या मायटर सॉला हा त्रास नाही, पण २५५ मिमी ब्लेडचे असे यंत्र साधारण १४० मिमी रुंदीपर्यंतच कापते. ते तुमच्या खणांना पुरेल, कपाटाला नाही.

माझे मत स्लेडकडे झुकते. अडणीचा ठोकळा (लाकडाचे टोक टेकवायचा ठोकळा) लावला की एकाच लांबीचे कितीही तुकडे निघतात, आणि चौकट काटकोनात येण्यासाठी समोरासमोरचे तुकडे अगदी एकाच लांबीचे असणे हे कोनाइतकेच महत्त्वाचे आहे. ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्याला उतार द्या, म्हणजे भुसा तिथे साचून लांबी बदलणार नाही. आणि लांबी ठरवण्यासाठी टेबल सॉच्या उभ्या कापाच्या फेन्सला लाकडाचे टोक कधीही टेकवू नका. कापलेला तुकडा ब्लेड आणि फेन्स यांच्यात अडकतो आणि मागे भिरकावला जातो.

करवतकाठी

पाचर_मिशिगन यांच्या प्रतिसादाला कोकणातून एक पुरवणी. रनर लाकडाचा करणार असाल तर पावसाळा विसरू नका. सागवान हे स्थिर लाकूड आहे, तरी त्याचेही फुगणे-आकसणे दिशेप्रमाणे बदलते: ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वर्तुळवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. हिशेब केला तर लाकडातला ओलावा ५ टक्क्यांनी वाढल्यावर १९ मिमी रुंदीचा रनर, त्याची रुंदी वलयांच्या दिशेने असल्यास ०.१८ मिमीच्या आसपास फुगेल, गाभ्यापासून सालीच्या दिशेने असल्यास ०.०८ मिमी. पहिला खाचेत अडकून बसेल, दुसरा चालत राहील. फळीचे टोक पाहून, वलये रनरच्या रुंदीला उभी छेदतील असा तुकडा निवडावा. नाहीतर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी किंवा जाड पॉलिथिनची पट्टी वापरावी.

रोकडा_रंधा

मॅडम, रनरला ०.०८ मिमीचा हिशेब ठीक आहे, पण मग पाटाचा प्लाय वाकला तर? पावसाळ्यात साध्या प्लायचा १२ मिमीचा तुकडा पापडासारखा होतो. स्लेडला मरीन प्लाय घ्या, दोन्ही बाजूंना सारखे फिनिश मारा आणि वापर नसताना सपाट ठेवा. भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका.

ओसरी

सर्वांचे आभार. तासकाम काकांनी सांगितल्याप्रमाणे वखारीतून आणलेल्या फळ्यांच्या कडा दोन-दोन करून एकमेकींना लावून पाहिल्या. मध्ये दोन मिमीपर्यंत उजेड दिसतो, म्हणजे कामाची सुरुवात रंध्यापासून करावी लागणार. स्लेड बनवली तर तिचा फेन्स ब्लेडशी काटकोनात आहे हे कसे ठरवायचे? माझ्या गुण्यावर माझाच पूर्ण विश्वास नाही.

तासकाम

गुण्यावर विश्वास नसणे ही चांगली सुरुवात आहे. गुण्या तपासणे सोपे आहे: सरळ कडेवरून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा; दोन रेघांमध्ये फट पडली तर गुण्याची खरी चूक त्या फटीच्या निम्मी. पण फेन्स लावायला मी गुण्या फक्त पहिल्या अंदाजापुरता वापरीन. खरी तपासणी लाकडावर करायची, आणि चूक मोठी करून पाहायची, म्हणजे साध्या व्हर्नियरलाही ती सापडते.

त्यासाठी पाच कापांची पद्धत आहे. स्लेडच्या फेन्सचे उजवे टोक एका स्क्रूने धरा आणि डावे टोक तूर्त क्लॅम्पने. एमडीएफचा साधारण ४०० मिमी लांबी-रुंदीचा चौकोनी तुकडा ब्लेडच्या डावीकडे ठेवून त्याची एक कड कापा. तुकडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून नुकतीच कापलेली कड फेन्सला टेकवा आणि पुढची कड कापा. असे करत चारही कडा कापल्यावर, पाचव्या वेळी पहिल्याच कडेची सुमारे १२ मिमी रुंद पट्टी कापून ती जपून ठेवा. फेन्सकडचे टोक आणि लांबचे टोक अशा खुणा तिच्यावर लगेच करा. दर कापाला झालेली चूक पुढच्या कापात मिसळत गेल्याने या पट्टीत ती चौपट झालेली असते.

आता उदाहरण घ्या. पट्टीची लांबी ४०० मिमी आहे, फेन्सकडच्या टोकाला रुंदी १३.४ मिमी आणि लांबच्या टोकाला १२.२ मिमी भरली. फरक १.२ मिमी. त्याला ४ ने भागले की ०.३ मिमी, म्हणजे ४०० मिमी लांबीत ०.३ मिमीची चूक. फेन्सच्या उजव्या स्क्रूपासून डाव्या टोकापर्यंतचे अंतर ५०० मिमी असेल, तर डावे टोक ०.३ भागिले ४०० गुणिले ५००, म्हणजे ०.३७५ मिमी सरकवायचे. फेन्सकडचे टोक जाड आले असेल तर डावे टोक आपल्यापासून दूर सरकवायचे, बारीक आले असेल तर आपल्याकडे ओढायचे.

पाव-अर्धा मिमी डोळ्यांनी सरकवता येत नाही. मोटार मेकॅनिक वापरतात ते फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा संच) घ्या. फेन्सच्या मागे, आपल्या बाजूला, एक ठोकळा त्याला चिकटवून क्लॅम्प करा. मग फेन्स सैल करून ठोकळा आणि फेन्स यांच्यामध्ये हव्या त्या जाडीच्या पात्या घाला, फेन्स त्यांवर दाबून धरा आणि पुन्हा क्लॅम्प करा. उलट दिशेने आणायचे असेल तर पात्या आधी मध्ये घालून ठोकळा बसवा, मग पात्या काढून फेन्स मागे घ्या. पुन्हा पाच काप घ्या. फरक ०.१ मिमीच्या आत आला की थांबा. म्हणजे ४०० मिमीत ०.०२५ मिमीची चूक उरली आणि त्याहून खोलात जाण्याइतके लाकूड स्वतः स्थिर नसते.

ही पद्धत फेन्सचा कोन तपासते, ब्लेडचा उभेपणा तपासत नाही. त्यासाठी, आणि मायटर सॉ घेतला तर त्याच्याही एकंदर तपासणीसाठी, समांतर कडांची जाड पट्टी घ्या, मधोमध कापा आणि एक तुकडा त्याच्या लांबीभोवती उलटा करून कापलेली टोके सरळ कडेला टेकवून पुन्हा जुळवा. वरून पाहता फट दिसली तर फेन्सची चूक, बाजूने पाहता दिसली तर ब्लेड कललेले. दोन्ही फटी खऱ्या चुकीच्या दुप्पट असतात.

पाचर_मिशिगन

काकांच्या गणिताला एकच जोड: हे सगळे करण्याआधी ब्लेड बदला. यंत्राबरोबर येणारे ब्लेड बहुतेक वेळा २४ दातांचे, उभ्या कापाचे असते. आडव्या कापासाठी २५४ मिमी व्यासाला ६० ते ८० दाते, एकाआड एक तिरके घासलेले, असे ब्लेड हवे. फेन्स जुन्या ब्लेडवर जुळवून नंतर वेगळ्या जाडीचे ब्लेड लावले, तर स्लेडची चीर रुंद होते आणि खालचा आधार जातो.

करवतकाठी

एक गोष्ट मला पटलेली नाही, तीही नोंदवते. खणांच्या थोड्याशा पट्ट्यांसाठी ३५-४० हजारांचे यंत्र, स्लेड, ब्लेड, फीलर गेज हा सगळा पसारा मांडण्याची गरज आहे का? रोकडा_रंधा यांची काटकोनी मार्गदर्शक पट्टी आणि एक शूटिंग बोर्ड एवढ्यावर हे कपाट नक्की होईल, आणि १० बाय १२ च्या खोलीत चालायला जागाही उरेल.

रोकडा_रंधा

एका कपाटासाठी मॅडमचे म्हणणे बरोबर आहे. पुढे सतत काम करायचे असेल तर टेबल सॉ घ्या. मायटर सॉ तुमच्या यादीतून मी आधी काढीन: तो दारांच्या पट्ट्या आणि स्कर्टिंग कापायला छान, ३०० मिमीच्या सागवानी फळीला नाही.

ओसरी

ठरवले. हे कपाट सर्क्युलर सॉ, काटकोनी जिग आणि शूटिंग बोर्ड यांवर करतो. ठेवलेल्या पैशांतून आधी एक चांगला रंधा, आडव्या कापाची ओढ-करवत आणि सर्क्युलर सॉसाठी जास्त दातांचे ब्लेड घेतो. टेबल सॉचा विचार त्यानंतर. शेवटची शंका: पाच कापांची तपासणी या हातातल्या सॉच्या जिगवरही करता येईल का?

तासकाम

येईल. तत्त्व तेच, फक्त इथे तुकडा ब्लेडकडे नेण्याऐवजी जिग दर वेळी पुढच्या कडेवर ठेवायची: नुकतीच कापलेली कड जिगच्या आडव्या पट्टीला टेकेल आणि तुकडा सदैव कापाच्या एकाच बाजूला राहील, एवढे पाहा. पाचव्या कापाची पट्टी सुटून खाली पडू नये म्हणून तुकड्याखाली पूर्ण आकाराचा टाकाऊ प्लाय ठेवा आणि ब्लेडची खोली त्यात फक्त २-३ मिमी उतरेल इतकीच ठेवा. सॉचा तळ पूर्ण कापभर मार्गदर्शक पट्टीला एकाच बाजूने दाबलेला असू द्या. हातातल्या सॉमध्ये निम्मी चूक जिगची नसते, सॉ पट्टीपासून सुटण्याची असते, आणि ती पाच कापांत दर वेळी वेगळी येते. म्हणून सलग दोन वेळा तपासणी करा. दोन्ही वेळा फरक सारखाच आला तर जिगची आडवी पट्टी सरकवा. वेगवेगळा आला तर पट्टीला हात लावू नका, आधी तळ आणि ब्लेड समांतर आहेत का ते पाहा. आडव्या पट्टीला कायमचे स्क्रू त्यानंतरच मारा.